आक्काचा शेरा

दि. ३ जून

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

कारण तसंच आहे, नाहीतर माझ्यासारखा आळशी माणूस पेन हातात घेत नाही हे तुला ठाऊक आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू ऐकत नाहीस, म्हणून कागदावर.

भिंगरीचं नाव विद्यापीठाच्या नर्सिंगच्या यादीत लागलं. चार वर्षांची पदवी. साठ जागांमध्ये कन्येचा नंबर एकोणिसावा. यादी लागली त्या दिवशी घरभर गरगर फिरत होती, तिला भिंगरी म्हणतो ते काही उगाच नाही. जागा पक्की करायची मुदत एकवीस तारखेपर्यंत आहे. तोवर होय किंवा नाही कळवायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाते. इकडे घराजवळच्या कॉलेजात तिला संख्याशास्त्रालाही प्रवेश मिळतो आहे. तिच्या आईचं म्हणणं, तेच बरं. घरचं जेवण, ठरलेल्या वेळा आणि पुढे एखाद्या ऑफिसात पंख्याखालची खुर्ची. मला तर काहीच सुचेनासं झालंय. चष्म्याच्या दुकानात बसून मला लोकांच्या डोळ्यांचे नंबर कळतात, नर्सिंगमधलं मला काय कळणार?

नर्सिंगचं ते कॉलेज तुझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई घरात असताना मी छापील माहितीपत्रकावर कशाला विसंबू? तर एकदा जाऊन ये. शिकवतात कसं, मुलींचं पुढे काय होतं, नोकऱ्या कुठे लागतात, सगळं नीट बघ. बाबा गेल्यापासून या घरात तुझा शब्द शेवटचा, आणि आजवर त्याने आमचं भलंच झालं. दुकानाची जागा तूच ठरवलीस आणि बायकोही तूच पसंत केलीस. (दुसऱ्या बाबतीत तिचं मत वेगळं असू शकतं.) तू होय म्हणालीस तर होय, नको म्हणालीस तर नको. भिंगरीलाही मी तसं सांगून ठेवलंय.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो जरा पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
भाऊ


दि. ५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला लिहिलंय हे मला माहीत आहे, आणि मी लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही. तेव्हा हे पत्र वाचून उशीखाली ठेव. तुझं मन वळवायला लिहीत नाही. वळवायला गेलं की तू उलट्या बाजूला वळतेस हे लहानपणापासून बघतेय!

फक्त गेल्यावर काय काय विचारायचं ते लिहून देते. एका शिक्षिकेमागे वॉर्डात किती मुली असतात? पुस्तकातले तास किती आणि रुग्णांजवळचे किती? नोंदणीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात किती जणी पास होतात? शिकून गेलेल्या मुली पाच वर्षांनी कुठे आहेत, आणि सोडून गेलेल्या का गेल्या? हे शेवटचं ऑफिसात सांगणार नाहीत, ते मुलींनाच विचार.

आई रोज विचारते, की एवढं काय आहे त्या नर्सिंगमध्ये. मला चांगलं उत्तर देता येत नाही. आजीचं अंथरूण खालच्या खोलीत होतं तेव्हा सगळे आत येत, विचारपूस करत, आणि थोड्या वेळाने प्रत्येकाला काहीतरी काम आठवत असे. मला कधी आठवलं नाही. आजारी माणसाच्या खोलीतून मला बाहेर पडावंसं वाटत नाही. हे काही मुलाखतीत सांगण्यासारखं कारण नव्हे, पण माझ्याकडे दुसरं नाही.

जे दिसेल तेच लिही, आत्या. वाईट असेल तर वाईट लिही. माझी तक्रार असणार नाही.

तुझी लाडकी (दुसरी भाची नसल्यामुळे),
भिंगरी


दि. १४ जून

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकदा नाही, तीनदा जाऊन आले. एकदा सांगून आणि दोनदा न सांगता. सांगून गेलं की फरशी पुसलेली असते.

आधी कागदावरचं सांगते. सरावाची खोली मोठी आहे. आत बारा पलंग आणि रबरी पुतळे. त्यांच्या मनगटाला हात लावला तर नाडी लागते. आम्ही एकमेकींच्या दंडात सुया टोचून शिकलो, तेव्हा पाहून हेवा वाटला. एका शिक्षिकेमागे वॉर्डात आठ मुली. दुसऱ्या वर्षी आठवड्याला दोन दिवस रुग्णांजवळ, शेवटच्या वर्षी पाच. जोडलेलं हॉस्पिटल आठशे खाटांचं. मागच्या तुकडीत सत्तावन्न जणी बाहेर पडल्या, पैकी त्रेपन्न नोंदणीच्या परीक्षेत पहिल्या वेळीच पास. बावीस जणींना त्याच हॉस्पिटलाने ठेवून घेतलं, चार परदेशी, दोघी शिकवायला लागल्या, तिघींनी काम सोडलं, बाकीच्या इतर हॉस्पिटलांत. नोकरीला ददात नाही. पदवी असली की पुढे शिकवता येतं, वॉर्डाची प्रमुख होता येतं, अतिदक्षता विभागाचं वेगळं शिक्षण घेता येतं. आमच्या डिप्लोमाला ही दारं बंद होती.

आता डोळ्यांनी पाहिलेलं. चादरींचे कोपरे ढिले. औषधांची ट्रॉली दाराशी उभी, आणि एक मुलगी स्टुलावर बसून म्हातारीशी तिच्या गुडघ्यांबद्दल गप्पा मारते आहे. शिक्षिका बघते आणि काही बोलत नाही. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण राउंडला मोठे डॉक्टर आले, त्यांनी औषध लिहिलं, आणि तिसऱ्या वर्षातल्या एका पोरीने रुग्णासमोर त्यांना विचारलं, की एवढा डोस का. मला संतापच आला. मला वाटलं शिक्षिका आता तिचा कान धरणार. तर ती मान डोलावत उभी! त्यांच्या वह्यांतही प्रत्येक औषधापुढे का, का नाही, अशा दोन रकान्यांत पानंच्या पानं लिहिलेली. याला मी शिक्षण म्हणत नाही. ही वादविवाद स्पर्धा झाली. अशा मुलींना बाहेरच्या कुठल्याही हॉस्पिटलात महिनाभर कोणी ठेवणार नाही, मग त्या बावीस जणींना यांनीच का ठेवून घेतलं तेही कळलं.

आणि एक, जे माहितीपत्रकात नसतं. माझ्या पायांच्या शिरा तू पाहिल्या आहेस. आई गेली तेव्हा मी दुसऱ्याच्या आईला पाणी पाजत होते. मला या कामाने काय दिलं आणि काय नेलं याचा हिशेब मी मांडत नाही, मांडला तर जमणार नाही.

तू माझा शब्द मागितलास, तो असा: नको. संख्याशास्त्र घेऊ दे. पोरगी हुशार आहे, कुठेही चमकेल. चार दिवस रुसेल आणि विसरेल.

वहिनीला सांग, मुरलेलं लोणचं मिळालं, बरणी परत पाठवणार नाही. माया आहे, ती धरून राहा.

तुझी,
आक्का


दि. २२ जून

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दाप्रमाणे झालं. जागा नको असल्याचं पत्र भिंगरीने काल सही करून पाठवलं.

रडली असती तर बरं झालं असतं. तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं, तेव्हा ती ताटं मांडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि कुठे सही करायची एवढंच विचारलं. नंतर दुकानात आली आणि ते पत्र मागून घेतलं. उभ्याउभ्या वाचलं. डॉक्टरांना डोस विचारणाऱ्या मुलीचा भाग दोनदा वाचला आणि ते पान मी ठेवू का म्हणाली. मी दिलं. तिची आई निश्चिंत झाली आहे, निदान तसं म्हणते. पण परवा तीसुद्धा म्हणाली, की घर फार शांत वाटतं.

मी तुझ्यावर शंका घेत नाही. तुला दिसलं ते आम्हाला कुठून दिसणार? फक्त माझी झोप थोडी कमी झाली आहे, ते वयाने असेल.

पावलांना मालीश करत जा. आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


दि. ९ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. उ. आशीर्वाद.

तू पाठवलेला चष्मा परत पाठवते आहे. सख्ख्या बहिणीला पडून राहिलेला माल खपवतोस होय? भिंती पिवळ्या दिसतात, दूध पिवळं दिसतं, शेजारीणही पिवळी दिसते, तिला काल मी कावीळ झाली का विचारलं आणि ती दोन दिवस बोलली नाही. काच बदलून दे.

बाकी ठीक. मागच्या महिन्यात नाडी थोडी उलटसुलट पडत होती, म्हणून डॉक्टरांनी हृदयाची एक गोळी चालू केली आहे. भूक कमी झाली आहे, पण एकटीसाठी रांधायचं म्हणजे ती वाढणार तरी कशाला. काळजी करू नकोस.

भिंगरीचं जूनपासून एकही पत्र नाही. कॉलेज कसं चाललंय? तिला म्हणावं, रुसवा पुरे झाला. वाट बघते.

तुझी,
आक्का


दि. १८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुला एकटीला आहे. तुझे बाबा मागच्या आठवड्यात मला हॉस्पिटलातून घरी सोडून गेले, त्यांना मी यातलं अर्धंही सांगितलेलं नाही. तुला वाटलं तर तू सांग.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर मला घेरी आली आणि लोकांनी उचलून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ते तेच हॉस्पिटल, तुझ्या कॉलेजचं. पाय मोडला नव्हता, नुसता मुका मार. तरी ठेवून घेतलं, आणि चालू असलेल्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या. माझ्या खाटेला तिसऱ्या वर्षातली एक मुलगी होती, गालावर तीळ, आवाज बारीक. जूनमध्ये डॉक्टरांना विचारणारी तीच का, असं तुझ्या मनात येईल. नव्हे, ही वेगळी. मी विचारून घेतलं. तिथे सगळ्याच विचारतात, त्यांना तसं शिकवतात.

दुसऱ्या सकाळी ती स्टूल ओढून बसली आणि गप्पा मारायला लागली. मी मनात म्हटलं, झालं हिचं काम. घरी कोण असतं, जेवता काय, झोप लागते का, असं विचारता विचारता मी तिला तुझ्या बाबांच्या चष्म्याची गंमत सांगितली. त्याने बिचाऱ्याने दुसऱ्यांदा काच घालून दिली, तरी जग पिवळंच. ती हसली नाही. तिने माझा हात हातात घेतला, पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, मग छातीवर नळी लावून पुन्हा मोजली. सेहेचाळीस. गोळी माझ्या हातात होती, ती तिने काढून घेतली.

राउंडला मोठे डॉक्टर आले. तिने माझ्यासमोर त्यांना सांगितलं, की सकाळची गोळी दिलेली नाही, नाडी मंद आहे, यांना पिवळं दिसतं, जेवण जात नाही, आणि या वयाला, मंदावलेल्या मूत्रपिंडांना हा डोस का. आणि भिंगरी, तेव्हा मी काय केलं? मी तिला दटावलं! डॉक्टरांशी असं बोलू नये म्हणून पलंगावर पडल्या पडल्या दटावलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. रक्त तपासायला पाठवलं, गोळी बंद केली. औषध अंगात साठत गेलं होतं, पिवळं दिसत होतं ते त्यानेच. आणखी चार-सहा दिवस घेतली असती तर हे पत्र लिहायला मी नसते. चौथ्या दिवशी भिंत पांढरी दिसली.

तू विचारशील, चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला स्वतःची नाडी मोजता येत नव्हती का? येत होती. ऑक्टोबरभर मी मोजत होते. पन्नासच्या खाली गेल्याचं मला कळत होतं. लिहून दिलेली गोळी आहे म्हणून मी रोज सकाळी घेत राहिले.

आता पुढचं. मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. अकरा नंबरच्या खाटेवर एक सुतार होता. त्याला हीच गोळी होती. दुपारी मी नाडी मोजली, पन्नासच्या आत. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरना सांगितलं, त्या म्हणाल्या डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग दे. डॉक्टर दहा पावलांवर टेबलाशी बसून चहा पीत होते. मी गेले नाही. त्यांना कसं विचारायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि विचारलं तर काय होईल हे मात्र चांगलं शिकवलं होतं. मी गोळी दिली आणि सही केली. संध्याकाळी तो गेला. त्या गोळीनेच गेला असं कोणी म्हटलं नाही. कदाचित नसेलही. पण मला माहीत आहे, की मला शंका आली होती आणि मी दहा पावलं चालले नाही.

जूनमध्ये त्या पोरीला विचारताना पाहिलं आणि मला संताप आला असं मी लिहिलं होतं. तो राग नव्हता. विचारता येतं, विचारलं तर आभाळ कोसळत नाही, हे इतक्या वर्षांनी डोळ्यांसमोर बघणं मला सोसलं नाही. मग मला चादरींचे कोपरे दिसायला लागले. तुझं कॉलेज तपासायला म्हणून गेले आणि माझीच लाज झाकून घरी आले. तू दिसेल तेच लिहायला सांगितलं होतंस. मी तुझ्याशी खोटं वागले.

परवा काठी टेकत कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आले. तुझी जागा जूनमध्येच पुढच्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशपरीक्षा देता येते, पण नव्याने, आणि यादीत नाव लागेलच असं नाही. ती बाई चांगली होती, पण नियमापुढे तिचं काही चालत नाही.

माझ्यावर लोभ कर, असं लिहिण्याची ही वेळ नव्हे. तू बरी राहा, एवढंच.

तुझी,
आत्या


दि. ३० नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. चार उत्तरं लिहिली आणि फाडली. आईला वाटलं कोणा मुलाला लिहितेय, तिने माझ्या टेबलाखालची केराची टोपली तपासली.

तू बरी आहेस याचा आनंद झाला, तो आधी लिहिते. त्या तीळवाल्या मुलीचे पाय धरावेसे वाटतात.

राग आलाय, आत्या. खूप आलाय. पण तुझ्यावर जेवढा यायला हवा तेवढा येत नाही, म्हणून स्वतःचाच येतो. तुझं ते पान माझ्याकडे आहे. ज्या कॉलेजात मुलगी मोठ्या डॉक्टरांना का असं विचारू शकते आणि शिक्षिका मान डोलावते, तेच मला हवं, हे दुकानात उभ्याउभ्या वाचतानाच कळलं होतं. तू ज्यासाठी नको म्हणालीस त्याचसाठी मला ते हवं होतं. आणि तरी मी घरी येऊन सही केली. एकदाही कोणाला विचारलं नाही, की का. आत्याने लिहिलंय ना, मग झालं. मीही बाबांपासून दहा पावलांवरच होते.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते दुकान उघडायला गेले नाहीत. मग म्हणाले, की एवढी वर्षं त्यांनी तुझ्यावर शेवटच्या शब्दाचं ओझं टाकलं, तुला कधी चुकायची मुभाच दिली नाही. आईने जूनमध्ये स्वतःच कपाटात लपवलेलं माहितीपत्रक काढून माझ्या पुस्तकांवर ठेवलं आणि पोळ्या करायला गेली.

संख्याशास्त्र मला जमतं. आवडत नाही, पण जमतं. परीक्षेचा अर्ज भरणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. भरला तर या वेळी कोणाचा शब्द मागणार नाही, तुझाही नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

एक विचारायचं राहिलं. तो सुतार. त्याला कोणी होतं का?

रागावलेली, तरी तुझीच,
भिंगरी


दि. ६ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

होतं. एक मुलगी होती, तुझ्याएवढी असेल. शिलाईच्या कारखान्यातून सुटून रोज सहाला यायची. त्या दिवशीही आली, तोवर चादर बदलून झाली होती. मीच तिला सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, की तुम्ही माझ्या वडिलांचं फार केलंत. मी म्हटलं, आमचं कामच आहे. तिने डबा उचलला आणि जिन्याने खाली गेली. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही, मी कधी शोध घेतला नाही.

तू शब्द मागणार नाहीस हे बरोबर आहे. मागितलास तरी मी देणार नाही. अर्ज भरलास किंवा नाही भरलास, मला कळव किंवा कळवू नकोस, तुझी मर्जी.

नाडी आता बहात्तर आहे.

त्या सुताराबद्दल मी इतक्या वर्षांत कोणाकडे बोलले नव्हते. आता पत्रात सगळं लिहिलं, तर त्याला कोणी होतं का, हे तू विचारलंस. मी आजवर माझ्या चुकीचाच विचार करत आले, त्याच्या मुलीचा नाही. आणि असं विचारणाऱ्या मुलीला मी त्या कॉलेजच्या दारातून परत पाठवलं.

तुझी,
आत्या